अंडाशय काढलेली सशीण व्याली : प्रोजेस्टेरॉनच्या शोधाचा प्रकरण अभ्यास

परिस्थिती

1928 साल. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यासाठी मोठी देणगी दिली होती कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांनी. तिथे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते जॉर्ज वॉशिंग्टन कॉर्नर, चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, बाल्टिमोरहून आलेले. हाताखाली विलार्ड ऍलन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी. ऍलनचं सेंद्रिय रसायनशास्त्र चांगलं होतं, कॉर्नर यांचं बेताचं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

त्यांच्यासमोरचा प्रश्न असा होता. नराशी संग झाल्यावर अठरा तासांनी सशिणीचे दोन्ही अंडाशय काढून टाकले, तर तिच्या पोटातले गर्भ चार-पाच दिवसांत मरून जातात. अंडाशयातलं नेमकं काय गेल्यामुळे ते मरतात? आणि जे गेलं ते बाहेरून देऊन त्यांना जगवता येईल का?

1930 पर्यंत उत्तर हाती आलं होतं. अंडाशय नसलेल्या सशिणी दिवस भरून व्याल्या, पिल्लं जिवंत निघाली. आपण ज्याला आज प्रोजेस्टेरॉन म्हणतो त्या संप्रेरकाचा हा पहिला निर्विवाद पुरावा. पाठ्यपुस्तकात ही हकिगत दोन ओळींत उरकते. मला मात्र त्या दोन वर्षांत काम कुठे अडलं यातच जास्त रस आहे, कारण ते अडलं ते रसायनशास्त्रामुळे नव्हे.

आधी काय माहीत होतं

अंडाशयातल्या पुटकातून, म्हणजे बीजांड वाढतं त्या इवल्या पिशवीतून, बीजांड सुटलं की त्या रिकाम्या जागी एक गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. गाईच्या अंडाशयात ती चांगली नारिंगी-पिवळी, नुसत्या डोळ्यांनी उठून दिसणारी असते. हॉलंडच्या रेग्निए द ग्राफ यांनी 1672 मध्येच सशिणींच्या अंडाशयांतल्या या गाठी मोजून दाखवलं होतं की पोटात जितके गर्भ, साधारण तितक्याच गाठी. पण त्या कशासाठी असतात, याचा पत्ता पुढची सव्वादोनशे वर्षं कोणाला नव्हता.

तर्क लढवला तो ब्रेस्लाऊच्या गुस्टाव बोर्न या भ्रूणशास्त्रज्ञाने. ब्रेस्लाऊ तेव्हा जर्मनीत होतं, आता ते पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. बोर्न यांचं म्हणणं असं की पीतपिंड ही ग्रंथीच असावी, तिचा स्राव रक्तात मिसळत असावा आणि त्यामुळेच गर्भ गर्भाशयात रुजून टिकत असावा. 1900 मध्ये ते वारले, पण मरणापूर्वी ही कल्पना त्यांनी शिष्यांच्या कानावर घातली होती. (पदार्थविज्ञानातले नोबेलविजेते मॅक्स बोर्न हे याच बोर्न यांचे चिरंजीव. 1935-36 मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून ते बंगळुरात येऊन राहिले होते.)

शिष्य लुडविग फ्रेंकेल स्त्रीरोगतज्ज्ञ होते. त्यांनी सशिणी घेतल्या आणि संग झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत कोणाचे अंडाशय काढले, तर कोणाच्या अंडाशयातले फक्त पीतपिंड विजेच्या तापत्या तारेने जाळले. गर्भ टिकले नाहीत. पोट उघडून पीतपिंडांना हात न लावता शिवलं, तर टिकत. 1901 आणि 1903 मध्ये हे छापून आलं. नॉर्वेच्या विल्हेल्म माग्नुस यांनीही त्याच सुमारास तसंच दाखवलं.

इतकं स्वच्छ काम, तरी ते लगेच कोणाला पटलं नाही, आणि न पटणाऱ्यांकडे सबळ कारण होतं. गाठीमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे गरोदर बायकांचे अंडाशय शस्त्रक्रियेत काढावे लागत. त्यातल्या काही जणींचा गर्भ पुढेही व्यवस्थित वाढला आणि त्या सुखरूप बाळंत झाल्या. पीतपिंडाशिवाय गर्भ टिकत नाही म्हणता, मग या कशा बाळंत झाल्या? खरं तर दोन्ही बाजूंची निरीक्षणं बरोबर होती. त्याचा उलगडा पुढे येईल.

फ्रान्समध्ये बुएं आणि आंसेल यांनी 1910 च्या आसपास एक नामी युक्ती केली. सशिणीचं बीजांड आपोआप सुटत नाही, संग झाला तरच सुटतं. म्हणून त्यांनी माद्यांना नसबंदी केलेल्या नरांकडे सोडलं. बीजांडं सुटली, पीतपिंड तयार झाले, गर्भाचा मात्र पत्ता नाही. तरीही गर्भाशयाचं अस्तर गाभण सशिणीसारखंच वाढलं. म्हणजे अस्तराची तयारी गर्भ करून घेत नव्हता, पीतपिंड करत होता. लिओ लोब यांनी त्याच्या दोन-तीन वर्षं आधी गिनिपिगवर याला पूरक निरीक्षण नोंदवलं होतं. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला नुसता ओरखडा काढला, तर तिथे गर्भवेष्टनासारखी पेशींची गाठ उगवते, पण अंडाशयात पीतपिंड असेल तरच.

अर्क का फसत होते

एवढं कळल्यावर पुढची पायरी सोपी वाटते. कत्तलखान्यातून अंडाशय आणा, पीतपिंड वेगळे करा, अर्क काढा, टोचा. हे अनेकांनी केलंही. औषध कंपन्या पीतपिंडाची भुकटी आणि गोळ्या विकत होत्या, डॉक्टर त्या लिहून देत होते. खुद्द कॉर्नर यांनी एका सहकाऱ्याबरोबर 1918 मध्ये बाजारातल्या अशा तयार औषधांचा उंदरांच्या ऋतुचक्रावर काही परिणाम होतो का हे तपासलं होतं. काहीही झालं नाही.

अपयशाचं एक कारण रासायनिक होतं. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. पाण्यातल्या अर्कात तो उतरणारच नव्हता.

पण माझ्या मते मुख्य अडचण निराळी होती. अर्कात संप्रेरक उतरलंय की नाही हे कशावरून ठरवायचं, हेच ठरलेलं नव्हतं. टोचल्यावर कोणी ऋतुचक्र थांबतं का ते पाहत होतं, कोणी गर्भाशयाचं वजन मोजत होतं. याउलट 1923 मध्ये सेंट लुईसच्या एडगर ऍलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी इस्ट्रोजेन या अंडाशयातल्याच दुसऱ्या संप्रेरकासाठी कसोटी बसवली. अंडाशय काढलेल्या उंदरिणीला अर्क टोचायचा, योनिमार्गातला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि ती माजावर आल्याची खूण दिसते का ते पाहायचं. (हे ऍलन वेगळे. आपल्या गोष्टीतला विलार्ड ऍलन त्यांच्या नात्यातला नाही.) कसोटी मिळाली आणि इस्ट्रोजेनचं काम वेगाने पुढे गेलं. पीतपिंडाच्या स्रावाला अशी कसोटी नव्हती.

सशिणीचं घड्याळ

कॉर्नर यांनी ती बसवली, आणि त्यासाठी सशीण निवडली. संगानंतर साधारण दहा तासांनी बीजांड सुटतं, म्हणजे घड्याळ कधी सुरू झालं हे नक्की माहीत. चौथ्या दिवशी गर्भ बीजवाहिनीतून गर्भाशयात उतरतात, सातव्या दिवशी रुजतात, 31 व्या दिवसाच्या आसपास सशीण विते. अठराव्या तासाला अंडाशय काढले तर बीजांडं सुटून फलित झालेली असतात, पण पीतपिंडांनी अजून काही काम केलेलं नसतं. इतका नेमका क्षण उंदरिणीत साधता येत नाही.

असे अंडाशय काढल्यावर काय होतं हे कॉर्नर यांनी आधी नीट पाहून ठेवलं आणि 1928 मध्ये प्रसिद्ध केलं. गर्भ बीजवाहिनीतला प्रवास पुरा करतात, पोकळ चेंडूसारख्या अवस्थेपर्यंत पोचतात आणि तिथेच खुंटतात. आकार वाढत नाही, एक-दोन दिवसांत मरतात. गर्भाशयाचं अस्तर जसंच्या तसं राहतं.

आता अस्तर बघायचं म्हणजे काय बघायचं? गर्भाशयाचा आडवा छेद घेऊन काचपट्टीवर ठेवला, तर एरवीच्या सशिणीत मधल्या पोकळीत मोजक्या, जाड, साध्या घड्या आलेल्या दिसतात. गाभण सशिणीत आठवड्याच्या आत त्याच घड्यांना फाटे फुटून फुटून पोकळी गच्च भरते, आणि सगळा छेद बारीक विणलेल्या लेससारखा दिसतो. शिकाऊ विद्यार्थ्यालाही या दोन काचपट्ट्यांतला फरक एका नजरेत कळतो. मधलं काही नसतं असं नाही, पण ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ यांत गल्लत होत नाही. कॉर्नर-ऍलन कसोटी म्हणून पुढे जी ओळखली गेली ती हीच. अंडाशय काढा, पाच दिवस अर्क टोचा, मग छेद घ्या.

अर्काचं काम ऍलनकडे. कत्तलखान्यातून डुकरिणींचे अंडाशय यायचे, त्यातले पीतपिंड सोलून, बारीक करून, गरम अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, मग एकेक नको ते काढून टाकत शेवटी तेलकट द्रव उरायचा. इस्ट्रोजेन वेगळं करणं विशेष गरजेचं होतं, कारण ते जास्त झालं तर पीतपिंडाच्या परिणामावर पाणी पडतं. 1929 मध्ये दोन निबंध लागोपाठ आले. पहिल्यात अस्तराची ती लेस अर्काने विणली जाते हे दाखवलं होतं. दुसऱ्यात अंडाशय काढलेल्या सशिणींत अर्काच्या जोरावर गर्भ नीट वाढून रुजले, हे.

कृती तीच, फळ वेगळं

आता ती अडलेली जागा. अर्काची कृती जगापुढे ठेवायची तर ती दुसऱ्या कोणाच्याही हातून साधायला हवी. रसायनशास्त्रात बेताची गती असलेला माणूस कॉर्नर यांना लांब शोधावा लागला नाही. ते स्वतःच होते. ऍलनने लिहून ठेवलेली कृती घेऊन त्यांनी अर्क काढला, सशिणींना टोचला, छेद घेतले. काहीच नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. ऍलनने केला की लेस दिसायची, कॉर्नर यांनी केला की साध्या घड्या.

अशा वेळी संशय कुठे जातो? अर्थात अर्काकडे. अल्कोहोल कमी-जास्त तापलं असेल, एखाद्या पायरीला पदार्थ वाया गेला असेल, भांड्यात काही राहिलं असेल. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून प्रत्येक पायरी बरोबरीने करून पाहिली. फरक सापडेना. प्राध्यापकालाही आपल्या हातातच काहीतरी खोट आहे असं वाटू लागावं अशी ती अवस्था.

चूक अर्कात नव्हतीच. ती सशिणींत होती. पिंजऱ्यांत लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या माद्या असत. फक्त अस्तर तपासायचं असेल तर मादी फळलेली असावी लागत नाही, त्यामुळे कोणतीही मादी उचलली तरी चालेल असा समज होता. कॉर्नर नकळत लहान माद्या उचलत होते आणि ऍलन मोठ्या. कोवळ्या सशिणीचं गर्भाशय पीतपिंडाच्या अर्काला दादच देत नाही. आधी इस्ट्रोजेनने त्याची मशागत व्हावी लागते. वयात आलेल्या सशिणीत ती तिच्याच अंडाशयांनी आधी करून ठेवलेली असते.

दोन्ही अर्क सारखेच चांगले होते. एकाची परीक्षा तयार गर्भाशयावर झाली, दुसऱ्याची कच्च्या गर्भाशयावर.

हा किस्सा प्राध्यापकाची फजिती म्हणून रंगवून सांगता येतो, आणि कॉर्नर यांनी स्वतःच तो मोकळेपणाने सांगितला. पण मला त्यात संप्रेरकाचा एक मूलभूत गुणधर्म दिसतो. प्रोजेस्टेरॉन एकट्याने काही करत नाही, ते इस्ट्रोजेनच्या मागून येतं तेव्हाच काम करतं. पुढे कळलं की प्रोजेस्टेरॉनला पकडणारे ग्राही इस्ट्रोजेनच्या प्रभावाखालीच पेशींत पुरेसे तयार होतात. रॉचेस्टरच्या पिंजऱ्यात हीच गोष्ट त्यांच्यापुढे अपयशाच्या रूपाने उभी होती. कार्ल क्लाउबेर्ग या जर्मन डॉक्टरने 1930 मध्ये याचाच उपयोग करून नवी कसोटी बसवली. कोवळ्या सशिणींना आधी इस्ट्रोजेन टोचायचं, मग अर्क. औषधनिर्मितीत ही कसोटी पुढे पुष्कळ वर्षं वापरली गेली.

नंतर

1930 मध्ये दिवस भरून व्यालेल्या सशिणींचा निबंध आला आणि संप्रेरकाला प्रोजेस्टिन हे नाव दिलं गेलं. मग शर्यत लागली ती शुद्ध स्फटिक मिळवण्याची. 1934 मध्ये चार ठिकाणी ते जवळजवळ एकाच वेळी हाती लागले. डान्झिगला बुटेनान्ट आणि वेस्टफाल, ब्रेस्लाऊला स्लोटा, रुशिग आणि फेल्स, बाझलला हार्टमान आणि वेटस्टाइन, आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या ऑस्कर विंटरस्टाइनर यांच्या साथीने आपला विलार्ड ऍलन. बुटेनान्ट यांना सुमारे 50,000 डुकरिणींच्या अंडाशयांतून 20 मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. 1935 मध्ये लंडनच्या परिषदेत प्रोजेस्टेरॉन हे नाव पक्कं झालं.

ब्रेस्लाऊचे कार्ल स्लोटा हे फ्रेंकेल यांचे जावई. सासऱ्यांनी ज्या गाठी जाळून प्रश्न उभा केला, त्यांतल्या पदार्थाचे स्फटिक आणि रचना जावयाच्या हाती आली. पण तोपर्यंत नाझी सत्तेवर आले होते. फ्रेंकेल ज्यू होते, 1933 मध्ये त्यांची जागा गेली, ते उरुग्वेत मोंटेव्हिडिओला गेले आणि 1951 मध्ये वारले. स्लोटांनी ब्राझील गाठलं, फेल्स अर्जेंटिनाला गेले. सशिणींवर कसोटी बसवणारा क्लाउबेर्ग मात्र जर्मनीतच राहिला आणि ऑशविट्झमध्ये ज्यू बायकांवर सक्तीच्या वंध्यीकरणाचे अमानुष प्रयोग करू लागला. गर्भ कसा टिकतो हे ज्याने मोजलं, त्यानेच तो राहू नये म्हणून बायकांच्या गर्भाशयात घातक रसायनं टोचली. या शोधाचा इतिहास सांगताना क्लाउबेर्गचं नाव नुसतं कसोटीपुरतं घेऊन पुढे जाणं मला जमत नाही.

बाईच्या बाबतीत

आता त्या जुन्या वादाचा उलगडा. सशीण, डुकरीण आणि शेळी यांना पीतपिंड शेवटपर्यंत लागतो. मेंढीला साधारण पहिले 50 दिवस. बाईत सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन तयार करण्याचं काम वार स्वतःकडे घेते. त्यापूर्वी पीतपिंड काढला तर गर्भपात होतो, त्यानंतर काढला तर सहसा होत नाही. हे 1970 च्या दशकात आर्पाद चापो आणि सहकाऱ्यांनी नेटकेपणाने दाखवलं. फ्रेंकेल यांच्या टीकाकारांनी पाहिलेल्या बायका बहुधा त्या टप्प्याच्या पुढच्या असणार.

रॉचेस्टरच्या प्रयोगाचा मानवी जोड शोधायचा तर तो ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातून 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात सापडतो. अंडाशय निकामी झालेल्या एका बाईला दुसरीच्या बीजांडापासून तयार केलेला गर्भ दिला, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं, आणि तिला मूल झालं. आज मुंबई-पुण्याच्या आयव्हीएफ केंद्रांत गोठवलेला गर्भ औषधांनी तयार केलेल्या गर्भाशयात सोडतात, तेव्हाही त्या चक्रात बीजांड सुटलेलं नसतं, म्हणून पीतपिंडही नसतो. तिथे प्रोजेस्टेरॉन हा पूरक उपचार नसतो. वार हाताशी येईपर्यंत गर्भाला दुसरा आधारच नसतो.

आपल्याकडे मात्र ‘गर्भ टिकायची गोळी’ किंवा इंजेक्शन याच्या कितीतरी पलीकडे पोचलं आहे. जरा पोट दुखलं की गोळी, आधी एकदा पडलं होतं म्हणून गोळी, काहीच झालं नाही तरी काळजी नको म्हणून गोळी. घरच्यांनाही काहीतरी चाललंय याचं बरं वाटतं. इथे रॉचेस्टरच्या सशिणीकडे नीट बघायला हवं. तिचे अंडाशय काढलेले होते. जिचा पीतपिंड जागेवर आहे आणि काम करतोय, तिला बाहेरून आणखी देऊन काय होईल हे त्या प्रयोगाने सांगितलेलंच नाही. शिवाय सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, आणि तो प्रोजेस्टेरॉनने दुरुस्त होत नाही.

हा प्रश्न थेट बायकांवर तपासला गेला तो बराच उशिरा. वारंवार कारणाशिवाय गर्भपात झालेल्या 836 बायकांच्या चाचणीचा निष्कर्ष 2015 मध्ये आला. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत 65.8 टक्के जणींना जिवंत मूल झालं, प्रोजेस्टेरॉन नसलेलं नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांत 63.3 टक्के. फरक नगण्य. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 4,153 बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली. या सगळ्यांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रक्तस्राव झालेला होता. तिथे 75 विरुद्ध 72 टक्के, हाही फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. मात्र ज्यांना आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात तो 72 विरुद्ध 57 टक्के इतका निघाला. याच आधारावर 2021 मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. पूर्वी गर्भपात झालेला असेल आणि या खेपेला रक्तस्राव होत असेल, अशा दोन्ही गोष्टी असणाऱ्या बाईला 400 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिवसातून दोनदा योनिमार्गाने द्यावं, तेही सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री करून घेऊन, आणि 16 आठवडे पूर्ण होईपर्यंतच.